केळफुलाचा ठसा

माय,

मागच्या आठवड्यात धुळ्याहून वहिनीचा फोन आला. चादरी छापायला तू कोरलेला केळफुलाचा ठसा तडकला. ज्या रबरासारख्या जाड लिनोवर तू तो कोरलास, ते जुनं होऊन ठिसूळ झालं होतं, त्याचा टवकाच निघून आला. तिला तेच फूल नव्यानं कोरायचंय. "अक्का, मायनी तुमले चादर दिधी व्हती ती शे ना? तिनावर देखीसन काढसू." मी म्हटलं, नाही गं, ती कधीच विरली, फरशी पुसायला घेतली. ते फूल छापलेली चादर माझ्या कपाटात घडी घालून ठेवलेली आहे.

मला तुझा ओटा अजून दिसतो. लिनोचा तुकडा तू उन्हात ठेवायचीस, मऊ पडला की मांडीवर फळी घेऊन त्यावर कोरणी चालवायचीस. मग रंग लावलेला ठसा कापडावर पालथा ठेवतेस आणि त्यावर चक्क दोन्ही पायांनी उभी राहतेस, दहापर्यंत मोजतेस, उतरतेस. मी बारा-तेरा वर्षांची असेन. कोरणी उचलली तर तू हातावर चापट मारलीस. "हात कापी लेशी. आनि तू ते परघरले जाशी, तुले शिकाडीसन काय उपेग?" तेव्हा मला राग नाही आला. सगळ्याच मुली जातात. राग आला तो भावाच्या लग्नानंतर. आखाजीच्या सणाला माहेरी आले तर ओट्यावर वहिनी बसलेली, तिच्या मुठीत तुझी कोरणी आणि तिच्या मनगटावर तुझा हात. त्याच आखाजीला तू मला ती चादर दिलीस. सासरी सगळ्यांनी वाखाणली, आणि मी आतून जळत होते. वहिनी वाईट असती तर बरं झालं असतं. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तिनंच तुझं सगळं केलं. तिच्यात खोट काढायला जावं तर सापडत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन लिनो आणि कोरणी घेऊन आले. पन्नाशी उलटलेल्या बाईला हा हट्ट शोभत नाही, पण केला. इथं पहूरला आमच्या केळीच्या बागेत रोज केळफुलं बघते, म्हटलं न जमायला काय झालं. चादरीवरचं फूल कागदावर गिरवलं, जसंच्या तसं लिनोवर उतरवलं, चार दिवस कोरत बसले. ठसा कापडावर ठेवून तुझ्यासारखी उभी राहिले, दहा मोजले. उचलून बघते तर तुझं फूल डावीकडे झुकलेलं आणि माझं उजवीकडे. ठशावर उलटं कोरलं तरच कापडावर सुलटं येतं. हे मी दारातून हजारदा पाहिलंय, पण हातानं कधी केलं नव्हतं. वहिनी झोपेतसुद्धा चुकली नसती.

काल तिला फोन लावला. चादर आहे, मी खोटं बोलले, असं सांगून टाकलं. माझ्या ठशाची फजितीही सांगितली. वाटलं, दोन शब्द सुनावेल. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का. रविवारले मी येसू, तुमले बी शिकाडसू. माय दवाखानामा माले सांगे, लेकले शिकाडानं ऱ्हाई गयं."

माय, दवाखान्यात मीही तुझ्या उशाशी बसले होते. तुला माझ्यासाठी हळहळ वाटली, आणि तीही तू तिलाच सांगितलीस. तिचा तेवढाच हेवा आता मला वाटतो, बाकीचा, कोरणीचा वगैरे, त्यापुढे काहीच नव्हता. रविवारी ये म्हटलंय तिला. ती माझं मनगट धरेल तेव्हा मी हात ओढून घेणार नाही. पण तो हात तिचा नाही, तुझा आहे असं मी मनात धरून बसेन, आणि हे तिला कधीच सांगणार नाही.