तुझ्या माहेरचा राब

आई,

तुझ्या माहेरी येऊन दहा दिवस झाले. नेरळला उतरलो आणि कळंबपर्यंत चालतच आलो. गाडीवान हाका मारत होता, पण बैलांच्या चालीनं जाण्याइतका धीर माझ्यात नव्हता. तरी वाटेत काटेसावरीखाली थांबलोच. झाडावर पान म्हणून नाही, नुसती लाल फुलं, आणि एकेका फुलात तोंड खुपसून साळुंक्या भांडतायत. मी सहा वर्षांचा असताना याच वाटेवर तू म्हणाली होतीस, "बघ रं, न्याहारीला कशा बसल्यात," आणि खाली पडलेलं एक फूल माझ्या टोपीत ठेवलं होतंस. घरी पोचेपर्यंत मी मान हलवली नव्हती.

मी कॉलेज सोडलं. इथं सगळ्यांना वाटतं, चळवळीपायी सोडलं. मामी विहिरीवर सांगत सुटली आहे, "आमच्या भाच्यानं सायबाच्या शिक्षानाला लाथ मारली गं!" खरं कारण खालच्या आळीत राहतं. दिवाळीच्या सुटीत तिच्याशी चार शब्द बोललो होतो, तेवढ्यावर मी तीन महिने काढले. मग मामाच्या पत्रात शेवटी एक ओळ आली, की शिमगा झाला की तिला बघायला पाहुणे येणार. त्याच दिवशी ट्रंक भरली.

आल्या आल्या मामाला म्हटलं, "आजच जा तिच्या बापाकडं." मामा राबासाठी आणलेला टहाळ पसरत होता. मान वर न करता म्हणाला, "आज? मानूस हायस का वनवा? आदी ह्यो राब भाजून दे. डोस्कं निवू दे तुजं, मंग बगू."

राब तू जन्मापासून पाहिलेला. मला नुसता धूर आठवत होता. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, टहाळाच्या फांद्या, वाळल्या पानांचा पातेरा असे थर घातले, वर बारीक माती पसरली. मामानं दोनदा बजावलं, वारा येतो त्या टोकाला काडी लावायची नाही, दुसऱ्या टोकाला लावायची. मग आग वाऱ्याशी झगडत सावकाश सरकते, खालची माती भाजते, तणाचं बी मरतं. मामा पाण्याचे हंडे आणायला वळला आणि मला दम निघाला नाही. वाऱ्याकडूनच लावली. क्षणात भडका उडाला, वरचा पातेरा जळून गेला, खालची माती थंडच, आणि जाळ बांध ओलांडून पलीकडच्या राबाला भिडला. त्यावर अजून मातीही घातली नव्हती. तो राब तिच्या वडिलांचा.

हिरवी फांदी घेऊन तीच धावत आली. आग झोडपता झोडपता म्हणाली, "कालिजात वारा शिकवीत नाय काय रं?" माझी एक भुवई जळली होती. ती बघून तिला हसू फुटलं. मी राखेत उभा, आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. मी एकदा चुलीत जोरानं फुंकर मारून तुझ्या भातात राख उडवली होती, तेव्हा तू पाठीत धपाटा घालून म्हणाली होतीस, "हळू फुक की मेल्या, इस्तू काय पळून जातोय?" ते तेव्हा आठवलं. जरा उशिराच.

 दुसऱ्या दिवशी उजाडता तिचे वडील दारात आले आणि माझ्या हातात कोयता दिला. आठ दिवस मी त्यांच्याबरोबर डोंगराला जातोय, जळलेल्या राबाच्या बदली टहाळ तोडतोय, भारे उतरवतोय. हाताला फोड आलेत. पण सकाळी तांबट पक्षी टुकटुक ठोकत असतो, आंब्याच्या मोहोराचा वास उतारभर असतो, पांगारा फुलांनी पेटलेला असतो, आणि कॉलेजातली दोन वर्षं मी खिडकीबाहेर पाहिलंच नव्हतं असं वाटतं. दुपारी ती भाकरी आणते. माझ्याकडं बघत नाही. मिरची मात्र माझ्या भाकरीवर जास्त असते.

परवा जेवताना तिच्या वडिलांनी विचारलं, "चळवळीपायी शिक्षान सोडलंस म्हनं?"

नुसतं होय म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन पाठीशीच उभी होती. मी म्हटलं, "नाय. तुमच्या पोरीपायी."

तांब्या खाली आपटल्याचा आवाज आला. वडिलांनी हातातली भाकरी संपवली, सावकाश. मग म्हणाले, "उद्या राब तूच पेटव. मी बगतो."

काल पेटवला. बरोबर टोकाला. दुपारभर आग मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि मी आणि तिचे वडील सावलीत बसून होतो. मला उठून फुंकर घालावीशी वाटली नाही, असं नाही. उन्हं कलताना ते मामाच्या ओटीवर आले. "पावन्यांना नको म्हनून कळवतो," म्हणाले. "पन मागनी घालायला ह्येच्या बापानं यायला पायजे. पोरगा एकला बोलतो, मी ऐकतो, असं नाय चालायचं." मामी आत बडबडायची थांबली, यावरून काय ते समज.

तर आता बाबांना बोलवायचं आहे. आणि मी अजून वर्गात बसतोय, असं बाबा समजून आहेत.

हा कागद मी त्यांच्याचसाठी घेतला होता. 'तीर्थरूप' लिहायला टाक बुडवला, आणि हात आपोआप तुझ्याकडं वळला. तू गेल्यापासून, रागावलीस तरी उत्तर येत नाही ना. मामीकडं अजून एक कोरा कागद आहे. मी तो मागितलेला नाही.