वीस मिनिटं थांबणारा ट्रक

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. कुंड्या उचलून उचलून कंबर धरली आहे, तेव्हा प्रत्यक्षात टेबलाशी ताठ बसूनच लिहिते आहे. भावना ओणवी आहे असं समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? नव्या घरातल्या लिफ्टशी जमलं का? तुमची सूनबाई सांगत होती, तुम्ही लिफ्टचा आवाज ऐकून तिचं बेअरिंग गेल्याचं वॉचमनला रोज सांगता आणि तो बिचारा आता तुम्हाला बघितलं की जिन्याने जातो. मामा, बेअरिंग गेलंही असेल. तुमचे कान मला माहीत आहेत. पण त्याच्या हातात काही नाही हो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, रोपवाटिका बरी आहे, मागच्या वाऱ्यात हिरवी जाळी फाटली तेवढीच.

आता ट्रक. तुम्ही तीनदा फोन करून विचारलंत, ‘काय ठरलं?’ आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, दारात गिऱ्हाईक आलंय. त्यातल्या एका वेळी तर रोपवाटिका बंद होती आणि ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, पण तुमची गप्प बसायची एक तऱ्हा आहे, ती फोनमधूनसुद्धा ऐकू येते. म्हणून हे पत्र. समोरासमोर किंवा फोनवर मला तुमच्यापुढे नीट बोलता येत नाही. कागदावर तुम्ही मध्येच ‘प्लग काढून बघितलास का?’ असं विचारू शकत नाही.

तर झालं असं की गेल्या वर्षभरात आमच्या ट्रकला एक सवय लागली. तासभर चालला, अंगात ऊब आली, की तो थांबायचा. धक्के नाहीत, धूर नाही, खोकला नाही. दुपारी बोलता बोलता एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागावा तसा आवाज हळू व्हायचा आणि बंद. मग कितीही किल्ली फिरवा, नुसतं घुर्रघुर्र. वीस मिनिटं बसून राहिलं की पहिल्या किल्लीला चालू, जणू काही झालंच नाही. (मी घड्याळ लावून बघितलं आहे. एकोणीस मिनिटांनी चालू व्हायचा नाही.)

मी आधी आपल्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. खऱ्या डॉक्टर नव्हेत; पुलाखाली त्यांचं गॅरेज आहे, गळ्यात वायरी असतात, म्हणून सगळे तसं म्हणतात. लॅपटॉप घेऊन आल्या, बसल्या, उठल्या. म्हणाल्या, तुमचा ट्रक फार जुना, याला बोलता येत नाही, हा नुसता डोळे मिचकावतो. मग डॅशबोर्डावरचा दिवा मिचकावायला लागला आणि आम्ही दोघी मान पुढे काढून मोजत बसलो. एकदा, मग थांबून दोनदा. पुन्हा एकदा, थांबून दोनदा. मी धीर करून विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, म्हणजे सगळं ठीक आहे.

मग गेले वस्तादांकडे. वस्ताद म्हणजे तुमच्याच वयाचे आणि तुमच्याच मताचे. त्यांनी बॉनेट उघडलं आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळल्यावर बसतात तसे स्टुलावर बसले. इंजेक्शन! पेट्रोलची पिचकारी मारायची आणि ती किती मारायची ते एका डबीने ठरवायचं! काढून टाका सगळं, म्हणाले. कार्बोरेटर बसवा. हवा जाते, हवेच्या ओढीने पेट्रोल येतं, मध्ये कोणाला विचारायला लागत नाही. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि मामा, तुम्ही तुमचं गॅरेज दुसऱ्याला दिल्यापासून पहिल्यांदा तुमचा आवाज जागा झाला. ‘माझ्याकडे आहे एक,’ म्हणालात. ‘माळ्यावर. मी घेऊन येतो. आठ दिवसांत बसवून देतो.’ पलीकडे तुम्ही उभं राहिल्याचं मला ऐकू आलं. (गुडघा वाजला.) तिथेच मी अडकले.

कारण त्यानंतर वस्तादांची यादी सुरू झाली. ते गॅरेजच्या फरशीवर खडूने चित्र काढून समजावतात. पहिल्या दिवशी चित्रात नुसता कार्बोरेटर होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली बसायला नळ्यांचा वेगळा मॅनिफोल्ड आला. तिसऱ्या दिवशी पेट्रोलचा पंप बदलायचा ठरला, कारण आत्ताचा फार जोरात ढकलतो, कार्बोरेटर बुडेल म्हणाले. मग ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही बदलायचा, कारण ठिणगीची वेळ त्या डबीच्या हातात आहे आणि डबी तर आपण काढणार. मग चोकची तार, त्यासाठी डॅशबोर्डाला भोक. मध्ये कोणाची तरी गाडी चित्रावरून गेली, त्यांनी पुन्हा काढलं, तर त्यात दोन नळ्या जास्त आल्या. त्या आधी होत्या का, विचारलं. म्हणाले, आधीच्या चित्रात विसरल्या होत्या. माझ्या मनात आलं, प्रत्यक्ष बसवतानाही गाडी वरून गेली तर?

पण मामा, एवढंच असतं तर मी महिन्याभरात काहीतरी ठरवलं असतं. खरं कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. मला ते थांबणं आवडायला लागलं होतं.

तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे ट्रक मी चालवते. हे शेजारी बसतात, मांडीवर एखादं नाजूक रोप घेऊन, आणि खिडकीबाहेर बघतात. घरी आम्ही दोघं सकाळपासून कामात. मी गिऱ्हाइकांशी बोलते, हे झाडांशी, आणि संध्याकाळपर्यंत दोघांचंही बोलून झालेलं असतं. पण ट्रक थांबला की काही इलाज नसतो. कधी कालव्याकाठी, कधी त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या लांबलचक पिवळ्या भिंतीपाशी. इंजिन बंद झालं की आधी काही ऐकूच येत नाही. मग मागची झाडं ऐकू येतात. धावत्या ट्रकमध्ये ती वाऱ्याने झोडपलेली असतात, थांबल्यावर हळूहळू पानं सरळ करतात, आणि त्याचा एक आवाज असतो. शेजारच्या खोलीत कोणी झोपेत कूस बदलावी तसा. हे थर्मास उघडतात. एकच झाकण, आधी मी पिते, मग हे. कालव्याच्या पाण्यावरचं ऊन टपावर हलत असतं आणि माणसाला आपण कुठे निघालो होतो ते आठवेनासं होतं.

असंच एकदा भिंतीपाशी बसलो असताना हे म्हणाले, लहानपणी मला वाटायचं, वारा झाडं करतात. हलतात, म्हणून वारा येतो. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, बँकेतली नोकरी सोडली त्या दिवशी टेबलासमोरच्या खिडकीतलं झाड तोडलं होतं. आणि खोलीत वारा यायचा बंद झाला. बावीस वर्षं मी समजत होते, यांनी साहेबाशी भांडून नोकरी सोडली. बावीस वर्षं मी लोकांना तसं सांगत होते, तेही अभिमानाने. मी काही बोलायच्या आत वीस मिनिटं झाली आणि ट्रक चालू झाला. सवयीने मी किल्ली फिरवली होती ना! इतका राग आला मला त्या ट्रकचा, तो चालू झाल्याचा.

आता सांगा, कोणत्या तोंडाने मी वस्तादांना म्हणू की बसवा कार्बोरेटर?

मग आला तो शनिवार. नव्या दवाखान्याच्या आवारात चाळीस झाडं पोचवून लावून घ्यायची होती, बाराच्या आत. खड्डे खणून ठेवलेले, लावणारी माणसं बाराला दुसरीकडे जाणार, आणि मुळं उन्हात उघडी राहिली की संपलं. हे त्या झाडांना तीन वर्षं सांभाळत होते. अकराला दहा कमी असताना आम्ही चढावर थांबलो. ना सावली, ना कालवा. मला रडूच यायचं बाकी राहिलं. त्या क्षणी मी ट्रकला म्हटलं, उद्या तुझं पोट फाडून कार्बोरेटर बसवते.

हे उतरले. मागून झारी आणि गोणपाटाचे तुकडे घेऊन आले. मी ओरडले, “अहो, काय करताय?”

“तापलाय ना? पाणी देतो.”

“ते झाड नाहीये!”

“पण तापलाय ना?”

त्यांनी गोणपाट भिजवलं, पिळलं आणि आधी पेट्रोलच्या नळीवर ठेवलं. मी किल्ली फिरवली. काही नाही. मग पंपाच्या बाजूला. काही नाही. मग पेट्रोल मोजणाऱ्या त्या मोठ्या डबीकडे वळले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. काही नाही. मग डिस्ट्रिब्युटरला चिकटलेली एक काळी चपटी डबी आहे, काड्यापेटीएवढी, जिच्याकडे वर्षभरात कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिच्यावर घडी घालून ठेवली, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तशी, आणि वर हात धरून उभे राहिले. “आता,” म्हणाले. मामा, चालू झाला. पाच मिनिटांत.

साडेअकराला आम्ही फाटकात होतो. चाळीसही झाडं लागली.

डॉक्टरीणबाईंनी ती डबी गरम करून तपासली. ठिणगी पाडायचा हुकूम तिच्याकडून सुटतो म्हणे, आणि तापली की तिला भोवळ येते. पेट्रोलचा यात काही संबंधच नव्हता. कार्बोरेटर बसवला असता आणि ती डबी तशीच राहिली असती, तरी ट्रक तिथेच थांबला असता, असं त्या म्हणाल्या. वस्तादांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते हातातला खडू ठेवून उठले. मग विचारलं, “डबी कोणी शोधली?” मी म्हटलं, यांनी. “ते कुठल्या गॅरेजला असतात?” मी म्हटलं, ते झाडं लावतात. वस्तादांनी पायाने चित्र पुसलं.

नवी डबी बसली. त्यानंतर पहिल्याच फेरीला आम्ही एका शाळेला कुंड्या द्यायला गेलो, आणि कुठेही न थांबता पाऊण तास आधी पोचलो. फाटक बंद. इंजिन चालू. कालवा मागे गेला, भिंत मागे गेली, थर्मास उघडलाच नव्हता. आम्ही दोघं समोर त्या बंद फाटकाकडे बघत बसलो, पाहुण्यांच्या घरी लवकर गेल्यासारखे. शेवटी हे म्हणाले, “ट्रक तापला असेल. जरा थांबू या का?”

मी किल्ली काढली.

कळावे, लोभ आहेच, तो कार्बोरेटरवर अवलंबून नाही.

तुमची भाची

ता. क. वर सगळं वाचून बघितलं तर निर्णय काय झाला ते कुठेच स्वच्छ लिहिलेलं नाही. कार्बोरेटर बसवायचा नाही. तुम्ही तो माळ्यावरून काढून, धुऊन, फडक्यात गुंडाळून दारापाशी ठेवला आहे, हे सूनबाईने मला सांगितलं आहे. म्हणूनच पत्राला तीन आठवडे लागले.

ता. क. दोन. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुम्ही याच. काल यांनी मला, भाजी निवडताना, मान वर न करता विचारलं, “मला येईल का ग ट्रक चालवायला?” मी हो म्हटलं, पण मी शिकवणार नाही. मी शिकवलं तर दुसऱ्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या गावी राहत असू. मला तुम्ही शिकवलंत तेव्हा तीन महिने एकदाही ओरडला नाहीत. नुसते दाराची कडी घट्ट धरून बसायचात, आणि ती हातात आली तेव्हासुद्धा ‘असू दे, जुनी होती’ म्हणालात. असा माणूस मला दुसरा माहीत नाही. आठ दिवस म्हणाला होतात, महिनाभर राहा. यांचं वय बघता दोन महिने धरा.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार तेवढ्यात अंगणात ट्रक चालू झाल्याचा आवाज आला. किल्ली माझ्यासमोर खिळ्याला असायला हवी होती, ती नाही. मी खिडकीतून बघते आहे. अजून जागेवरच आहे, पण वायपर चालू झाले आहेत आणि हॉर्न दोनदा वाजला. आता मागे येतोय. मामा, मागे कुंड्या आहेत. हे पत्र पोस्टात टाकत नाही, फोनच करते. सकाळची पहिली बस धरा.