शिखरावर चढणारी नदी

प्रिय बोक्या,

फोनवर तुझं ‘बरं, ठेवतो’ इतक्या लवकर येतं की मला तोंड उघडायला सवडच मिळत नाही, म्हणून हे पत्र. ताईचं प्रवचन समजून घडी घालून ठेवशील, तर बघ. आधी खुशाली सांगते. तुझी लेक, चिमी, इथं मजेत आहे. जेवते, भांडते, माझ्या कामाच्या खुर्चीत बसून गरगर फिरते. सुट्टी संपत आली म्हणून परवा गाल फुगवून बसली होती, तेव्हा विचारलं, काय हवंय बाई तुला? तर म्हणे नकाशा. आत्या लोकांच्या पुस्तकांसाठी खोट्या देशांचे नकाशे काढते, मग माझ्यासाठी का नाही? आता यावर काय बोलणार! बसलो दोघी.

किनारा मी तिला आपल्याच पद्धतीनं शिकवला. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं आठवतात ना? जमिनीवर कागद अंथरायचा, वरून बटणं ओतायची आणि जशी पडतील तशी ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायची, की झालं बेट तयार. आई डब्यासाठी सगळं घर पालथं घालायची आणि आपण पलंगाखाली राज्य करत असायचो. आता मी बटणांचा फोटो काढून टॅबवर घेते, त्यावर एक कोरी लेयर उघडते, म्हणजे वर ट्रेसिंग पेपर ठेवल्यासारखं, आणि टॅबच्या पेननं किनारा गिरवते. फरक म्हणशील तर एवढाच. चिमीला सांगितलं, हात मुद्दाम थोडा थरथरू दे. रेघ फार गुळगुळीत आली की बघणाऱ्याला लगेच कळतं, हे कुणीतरी बसून बनवलंय.

मग डोंगर झाले, सगळ्यांची सावली एकाच बाजूला. टॅबमधल्या झाडांच्या ब्रशनं जंगल झालं. ब्रश एकच झाड पुन्हा पुन्हा उमटवतो, ते चिमीनं लगेच पकडलं आणि एकेक झाड बोटानं हलवून, कलतं करून ठेवलं. चिकाटी वहिनीची आहे, तुझी नाही. आणि मग आल्या नद्या. नद्यांच्या बाबतीत मी किती खडूस आहे ते तुला ठाऊक आहे. नदी डोंगरातून निघते, उतारानं खाली येते, वाटेत दुसऱ्या नद्यांना पोटात घेते आणि समुद्राला मिळते. लेखक रुसले तरी मी हटत नाही. तू मात्र बंदरातून निघून थेट शिखरावर चढणारी नदी काढायचास. मी पुसायचे, तू परत काढायचास, शेवटी तिथं कागदालाच भोक पडलं. ‘फौजदार’ हे नाव तू मला तेव्हाच ठेवलंस. तुझं म्हणणं काय, तर दिवसभर समुद्रावर भटकून दमल्यावर घरी जाताना वल्हवत कोण बसणार? नदीनंच उचलून वर नेऊन सोडायला हवं. तुझ्या लग्नानंतर मी हे वहिनीला सांगितलं, तेव्हा हसता हसता तिनं अर्धा कप कॉफी माझ्या गादीवर सांडली होती. त्यानंतर ती तुला ‘आळशी दर्यावर्दी’च म्हणत राहिली. गादीवरचा तो डाग अजून आहे. मी गादी बदललेली नाही.

आता जरा जपून लिहिते. परवा बटणं ओतली, तेव्हा चिमीनं एक बटण मुठीतच ठेवलं होतं. बाकीची पडू दिली आणि हे मात्र कागदाच्या पार कोपऱ्यात नेऊन हातानं ठेवलं. मोठं, हिरवं, वहिनीच्या कोटाचं. ती गेल्यावर तू तिचे कपडे देऊन टाकलेस ना, त्या पिशव्या दाराशी होत्या तेव्हा हिनं कात्रीनं ते काढून घेतलं. तेव्हापासून ते हिच्या खिशात असतं. मी तुला बोल लावत नाही रे. ते कपाट उघडायची हिंमत माझ्यातही नव्हती. मी फक्त विचारलं, बाबाला दाखवलंस का? समुद्राला निळा रंग भरता भरता, मान वर न करता ती म्हणाली, “नाही. आईचं नाव काढलं की बाबा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात. मग खूप वेळ येतच नाहीत.” मी उठून उगाच खिडकी उघडली.

बेट त्या कोपऱ्यापर्यंत मला ओढत न्यावं लागलं, पण नेलं. हिरव्या बटणाच्या जागी आता सगळ्यांत उंच डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर एक घर. ते झाल्यावर चिमीनं बंदरावर बोट ठेवलं आणि तिथून वर घरापर्यंत नदी मागितली. मी माझं फौजदारी भाषण सुरू केलं, की नद्या खाली येतात, वर जात नाहीत. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आपली बोट आईकडे कशी जाणार, आत्या?” तुझ्या त्या नदीबद्दल मी तिला कधी एक अक्षर सांगितलेलं नाही, बोक्या. शपथेवर सांगते.

मी ती नदी काढलेली नाही. तिच्यासाठी एक लेयर कोरी ठेवली आहे, तिला नाव दिलंय ‘बाबा’. चिमीला सांगितलंय की अशी नदी काढणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि तो रविवारी तुला न्यायला येतोय. तेव्हापासून ती खिडकीशी ये-जा करते आहे. टॅब टेबलावर उघडा असेल, शेजारी दोन खुर्च्या असतील. तिच्याजवळ बस आणि बंदरापासून सुरुवात कर. हात थरथरला तर थरथरू दे, किनाऱ्याला चालतं ते नदीलाही चालतं. डोळे भरून आले तर तिच्यासमोरच येऊ देत. फक्त उठून नळाकडे जाऊ नकोस. या वेळी मी काहीही पुसणार नाही.

तुझीच,
फौजदार