धूळ वगळल्यावर

पुणे, ४ ऑगस्ट २०२३

ती. बाबांस,
उत्कर्षाचा सप्रेम जयभीम.

फोनवर आई ऐकते अन् घाबरते, म्हणून लिहून राहिली. दीर्घिका कुठं दाट, कुठं विरळ, ते मी मोजते. विश्व जन्मलं तेव्हा पदार्थ कुठं जरासा जास्त होता. गुरुत्वाकर्षणानं तिथं आणखी ओढला, त्याचेच हे पुंजके. माझ्या मार्गदर्शक सरांनी दहा वर्षांपूर्वी लिहिलं, की फार मोठ्या अंतरांवर गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त आहे, अन् ती त्या पहिल्या क्षणाची खूण आहे. त्यावर त्यायचं नाव झालं. पण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीनं काही दीर्घिका झाकल्या होत्या, त्या जागा त्यायनं रिकाम्या धरल्या, म्हणून बाकीच्या जागा जास्तच दाट दिसल्या. मी धुळीचा परिणाम वगळला, तर जास्तीची गर्दी उरलीच नाही. सर म्हणतात, प्रबंध पाहिजे तर हे प्रकरण काढ. मी म्हटलं, नाही.

माया असू द्या.
तुमची उत्कर्षा

चरोदा, १२ ऑगस्ट

चि. उत्कर्षास,
बाबाचा जयभीम अन् मंगलकामना.

पत्र दोनदा वाचलं. चाळीस साल रेल्वेच्या यार्डात काढले, एकच शिकलो: साहेबाशी भांडू नये. तिथं तुह्या मागं कोणी नाही, बेटा. आता काढून टाक, डॉक्टर झाल्यावर लिह. आई विचारते, जेवतं का बराबर?

राग धरू नको.
तुहा बाबा

पुणे, ३ सप्टेंबर

ती. बाबांस, जयभीम.

जेवते. तुमचं ऐकलं नाही, अन् त्याची माफीही मागत नाही. सतरा ऑगस्टले, गुरुवारी, विभागात सगळ्यायसमोर तेच प्रकरण मांडलं. सरांनी विचारलं, तुझंच चुकलं नसेल कशावरून? मी म्हटलं, "सगळे आकडे सकाळीच सगळ्यायले पाठवले, सर. चूक दाखवा, इथंच मान्य करीन." सर उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यायनं माझं मार्गदर्शन सोडलं. विभागाच्या समितीनं मले इथल्याच कमलिनी मॅडमकडे दिलं. मॅडमनं स्वतः मोजलं, उत्तर तेच. पण एक वर्ष वाढलं.

आईले समजावा.
उत्कर्षा

चरोदा, १५ सप्टेंबर

चि. उत्कर्षास, जयभीम.

रविवारी विहारात यार्डातल्या राजकुमारनं सगळ्यायसमोर विचारलं, पोरगी अटकली का? आजवर मी खाली पाहून, होईन लवकर, एवढंच म्हणत होतो. या बारीले उभा झालो. म्हटलं, "एक साल जास्त लागते. सरची चूक पकडली तिनं." कोणती चूक, असं विचारलं, तं अर्धा घंटा धूळ अन् दीर्घिका समजावल्या. अर्धं गलत सांगतलं असन. पण आवाज खाली नाही केला.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा बाबा,
आनंदराव