साडेअकरा गुणसूत्रं

३ मार्च, सोमवार
आजपासून मुलीला जीवशास्त्र मी शिकवणार. क्लास बंद. मेव्हण्यासमोर छातीठोकपणे जाहीर केलंय. बायको म्हणाली, सायन्सची अ‍ॅडमिशन याच मार्कांवर आहे, पोरीच्या वर्षाशी खेळू नका. म्हटलं, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं माझं, पेशी काय चीज आहे! पहिला धडा पेशीविभाजन. उद्या वाचून काढतो.

४ मार्च
वाचायला बसलो. डोळा लागला. धडा सोपा वाटतो.

६ मार्च, संध्याकाळ
उकललं! नुसता भागाकार आहे. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं. मायटॉसिसमध्ये एकाच्या दोन पेशी होतात, म्हणजे प्रत्येकीला तेवीस. मिऑसिसमध्ये चार, म्हणजे साडेअकरा. पुस्तकात मात्र शेहेचाळीस आणि तेवीस. दोन्ही आकडे बरोब्बर दुप्पट! छापखान्याचा गलथानपणा. लाल पेनाने दुरुस्त केलं. मुलगी गप्प होती. भारावली असावी.

८ मार्च
प्रात्यक्षिक. घरातले सगळे मोजे पलंगावर मांडले. अर्ध्या मोज्यासाठी कात्री घेतली, बायकोने हिसकावली. विज्ञानाला घरातूनच विरोध.

१० मार्च
मुलीने विचारलं, जखम भरताना मायटॉसिसच होतं ना? दर वेळी गुणसूत्रं निम्मी झाली तर शेवटी उरतं काय? प्रश्न उत्तम आहे म्हटलं आणि दूध आणायला गेलो. दूध घरात होतं.

१२ मार्च
परवा परीक्षा. पुस्तक चुकलंय की मी, कळेना. क्लासला जा म्हणावं तर मेव्हण्यासमोर नाक कापलं जाणार. पुरता अडकलोय. डोकं दुखतंय सांगून पडलो. मुलगी बाम घेऊन आली. पुस्तकही घेऊन आली.

१४ मार्च
प्रश्न आलाच. दोन्ही विभाजनांतला फरक. काय लिहिलंस, विचारलं. शेहेचाळीस आणि तेवीस, म्हणाली. विभागण्याआधी पेशी प्रत्येक गुणसूत्राची कॉपी काढते, बाबा. आधी दुप्पट करा, मग भागा. ब्याण्णवला दोनाने भागलं, चाराने भागलं. हिशेब जुळला.

मग कळलं, क्लास तिने सोडलाच नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसत होती. गलबलून आलं. आईला यातलं काही सांगू नकोस, म्हटलं.

म्हणाली, क्लासला आईच तर पाठवते. आणि तिथून आल्यावर तुमच्यासमोर बसायलाही.