बटरफ्लायचं स्थळ

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ८
अश्विनीने अखेर अट घातली. सुप्याला परत निघताना म्हणाली, पप्पा, इथल्या माझ्या काचेच्या टाकीतल्या कोरलसोबत, म्हणजे प्रवाळासोबत, नीट नांदेल असा एक मासा तुम्ही निवडून दाखवा. कंपनीत ऑडिट आहे, थेट तीस तारखेला येईन. तोवर सगळं ठीक असलं तर तुम्ही म्हणाल ते स्थळ बघायला बसेन. नसलं तर माझ्या लग्नाचा विषय बंद.
एकवीस वर्षं कर्जतमध्ये वधू-वर सूचक केंद्र चालवतोय. मासा म्हणजे किस झाड की पत्ती.

सोमवार, ३ नोव्हेंबर
केंद्राचाच छापील फॉर्म वापरायचं ठरवलं. रंग, उंची, बांधा, मूळ गाव. अश्विनीने चालतील अशा माशांची दोन नावं लिहून ठेवली आहेत, क्लाऊन आणि गोबी. मोबाईलवर फोटो बघितले. गोबी तोंडावरूनच मठ्ठ. क्लाऊन रंगाने बरा, पण बोटाएवढा. दोन्ही नामंजूर.
उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर
फिरणं उद्यापासून. आज नगरला गेलो. जस्टिन म्हणून एकांचं माशांचं दुकान आहे. बघताक्षणी पसंत पडला: बटरफ्लाय. पिवळाधमक, डोळ्यांवर काळी पट्टी, वागण्यात रुबाब. मूळ गाव विचारलं. समुद्र, म्हणाले. म्हणजे खानदानी. पुढे खाण्याबिण्याबद्दल काहीतरी सांगायला लागले. मी हात वर करून थांबवलं. जमत आलेल्या लग्नात खोडा घालणारे पावलोपावली भेटतात. त्यांचं ऐकत बसलो असतो तर माझ्या हातून एकही लग्न लागलं नसतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. दुपारी
मासा सोडला. दहा मिनिटांत कोरलजवळ गेला. तेव्हापासून तिथून हललेला नाही. तोंड लावतो, मागे सरतो, पुन्हा लावतो. सौ.ला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, ह्यो मुके घेतोय का चावतोय? तिला नाजूक गोष्टी कळत नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर
कोरल जिवंत असते हे आता पटलं. फुललेले गोंडे तिने आत ओढून घेतले आहेत. नवी नवरी लाजणारच. अश्विनीला फोनवर कळवलं, दोघं रमलेत.
तिच्यासाठी मुलगाही ठरवून टाकला. जामखेडचा वाल्मिक. सहा फूट, गोरा, बंगला.

गुरुवार, २० नोव्हेंबर
थंडीमुळे फिरणं स्थगित.
कोरलचा एक कोपरा पांढरा पडलाय. सुरुवातीला नवरीची तब्येत उतरतेच. जावई मात्र चांगला अंगाला लागलाय. मी वरून टाकलेल्या दाण्यांना शिवतही नाही. इतका अल्पाहारी मुलगा शोधून सापडणार नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर. संध्याकाळी
टाकीत नुसता पांढरा दगड दिसतो. सौ. म्हणाली, संपलं की वो सगळं. मी म्हटलं, आत असेल. ती म्हणाली, मग ह्याचं पोट कशानं आलंय?
जस्टिनना फोन केला. म्हणाले, साहेब, तेच सांगत हुतो, ह्यो कोरलच खातो. तुमी ऐकूनच घेतलं न्हाई.
फार वाईट वाटलं. पोरीने दोन वर्षं ती कोरल जपली होती. पण मूळ दोष जस्टिनचा. आवाज चढवून सांगायला हवं होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर
अश्विनी आली. टाकीत वाकून बघितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग फॉर्म मागून घेतला आणि वाचला. म्हणाली, पप्पा, समोरचा जगतो कशावर, हे यात कुठेच विचारलेलं नाही.
फॉर्म परत देत विचारलं, जामखेडच्या मुलाचा स्वभाव कसा आहे? मी म्हटलं, सहा फूट. तिला हसू आवरेना. विषय बंद झाला, आणि मासा परत द्यायला ती नगरला गेली.
सौ. चुलीपाशी होती. म्हणाली, पोरगी शहानी निघाली. माझ्या बापानं तवा काडीची चौकशी केली न्हाई.
मी विचारलं, म्हणजे तुला पस्तावा होतो?
ती म्हणाली, भाकरी गार हुतीय, जेवून घ्या.