गेंड्याचे नवे शॉकअप

२ ऑगस्ट, सकाळ
निर्णय झाला. गाडीचे धक्के झेलणारे चारही शॉकअप बदलायचे. कंपनीचे काढून बाहेरचे टाकायचे, ऑफ-रोडवाले, दणकट. आणि हे काम मी स्वतः करणार. माझ्या फोर-बाय-फोरला बायको 'गेंडा' म्हणते. मी ते कौतुक म्हणून घेतो.

कारण बाबा. मागच्या रविवारी त्यांना पाठीच्या डॉक्टरकडे नेत होतो. शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी जराशी उसळली. बाबा म्हणाले, थांबव. उतरले, कमरेवर हात ठेवला आणि राहिलेलं अंतर चालत गेले. मी शेजारून पहिल्या गिअरमध्ये. सगळा रस्ता बघत होता. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं. मणका जुनाच दुखत होता, गाडीचा काही संबंध नाही. बायको "अर्थातच" म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर मला आवडला नाही.

२ ऑगस्ट, दुपार
जेवताना जाहीर केलं. ऑपरेशननंतर बाबांना घरी मीच आणणार, आणि गेंड्यातूनच. त्यांच्या हातात चहाचा भरलेला कप देणार. एक थेंब सांडला तर नाव बदलीन. बाबा म्हणाले, नाव राहू दे, गाडी बदल. धाकटा भाऊ फिस्सकन हसला. स्वतः साबणाच्या डबीएवढ्या गाडीतून फिरतो, त्याने हसावं म्हणजे कमाल आहे.

६ ऑगस्ट
शॉकअप आले. लालभडक. प्रत्येकाला गॅसचं वेगळं नळकांडं. दुकानदाराने फोनवर विचारलं होतं, डोंगरात चालवता का, सामान किती असतं. मी म्हटलं, भरपूर. मागच्या सीटवर खरं तर एक छत्री असते. पण असल्या लोकांपुढे कमीपणा घेऊन चालत नाही.

बायको विचारते, बाबांना हॉस्पिटलातून डोंगरावरून आणणार आहेस का? तिला टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.

७ ऑगस्ट
छोटीशी अडचण. शॉकअप दाबून पट्ट्याने बांधलेला येतो. किती लांब होतो ते बघावं म्हणून डायनिंग टेबलवर एकाचा पट्टा कापला. शॉकअप सुटला आणि बिस्किटांचा डबा थेट बेसिनमध्ये. पट्टा गाडीला बसवल्यावर कापायचा असतो, असं माहितीपत्रकात लिहिलंय म्हणे. माहितीपत्रक आधी वाचणं हे आत्मविश्वास नसल्याचं लक्षण आहे.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या जाड्या वकिलांना खाली बोलावलं. ते शॉकअपवर बसले, मी कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधला. वकील म्हणाले, असली केस पहिल्यांदाच आली. बायको ओले कपडे घेऊन उभीच.

९ ऑगस्ट
बाबांचं ऑपरेशन नीट पार पडलं. जीव भांड्यात पडला. शुद्धीवर आल्या आल्या त्यांना गॅसच्या नळकांड्याबद्दल सांगितलं. त्यांनी डोळे परत मिटले. नर्सने मला बाहेर काढलं.

१० ऑगस्ट
जुना शॉकअप काढायला घेतला. व्हिडिओतला माणूस बोलता बोलता काढतो. माझा नट हलला नाही. तेल सोडलं. पान्यावर उभा राहिलो. हातोडी घेतली. अंगठा.

११ ऑगस्ट
अंगठा वांग्याच्या रंगाचा झालाय. नट तसाच. त्या नटाने माझं काय घोडं मारलंय तेच कळत नाही. म्हणजे मी त्याचं. धाकट्याचा फोन आला, बाबांना घरी मीच आणू का? मी फोन ठेवला.

१३ ऑगस्ट
जिंकलो! चारही बसले. सेटिंगचा नॉब एकपासून दहापर्यंत आहे. मी चारही दहावर ठेवले. शाळेपासून पैकीच्या पैकी मिळवायची सवय. उद्या सकाळी चाचणी, चहासकट.

१४ ऑगस्ट
चहा शर्टवर, काचेवर, छतावर. छतावर कसा गेला देव जाणे. शाळेपुढचा स्पीडब्रेकर लागायच्या आधीच कप रिकामा. गाडी आधी उसळायची, आता आदळते. दात एकमेकांवर आपटून जीभ चावली गेली.

नवीन शॉकअप रुळायला वेळ लागतो, असं बायकोला सांगितलं. तिने विचारलं, दहा म्हणजे नरम की कडक? हा काय प्रश्न झाला?

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
माहितीपत्रक वाचलं. एक म्हणजे नरम. दहा म्हणजे गाडीत खच्चून सामान आणि खाली डोंगर. असं लिहायची पद्धत मूर्खपणाची आहे. ज्याचे मार्क जास्त ते चांगलं, हे जगभर ठरलेलं आहे.

१५ ऑगस्ट
नॉब फिरवायला चाकं काढावी लागतात. काढली. नॉब जाम. पाना लावला, जोर केला, तर वरचा बोल्टच तुटून हातात. आता बोल्ट मिळेपर्यंत गाडी हलवता येणार नाही. पार्किंगमध्ये लाकडी ओंडक्यांवर टेकवून ठेवलीय. मांडी घालून बसल्यासारखी दिसते. मला फार चीड आली. एका टायरला लाथ मारली. तिथेही अंगठाच लागला, पायाचा.

१६ ऑगस्ट
दुकानदार म्हणतो, बोल्ट परवा. बाबांना उद्या सोडतायत. धाकट्याला मीच फोन केला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१७ ऑगस्ट
बाबा आले. डबीतून. मी लंगडत पार्किंगमध्ये उभा. नेमकं लिफ्टमध्ये कुणाचं तरी कपाट अडकलेलं. बाबांना उभं राहवेना. धाकटा खुर्ची आणायला जिन्याकडे धावला. तेवढ्यात बाबांची नजर गेंड्यावर गेली. चाकं नसल्यामुळे सीट बरोबर त्यांच्या गुडघ्याइतकी खाली आली होती. डॉक्टरने म्हणे खोल बसायचं नाही, उंच चढायचं नाही, असं बजावलंय. मी काही बोलायच्या आत बाबा आपणहून आत बसले.

मी धावत जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. का, ते माहीत नाही. बायको वरून चहा घेऊन आली आणि भरलेला कप बाबांच्या हातात दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाबांनी अंगठा बघितला. दुखतोय का विचारलं. मी नाही म्हणालो. मी पाठीचं विचारलं. तेही नाही म्हणाले. दोघंही खोटं बोललो. मला एकदम भरून आलं, म्हणून वायपर चालू केले.

चहा संपला. एक थेंब सांडला नाही. नाव बदलायचा प्रश्नच मिटला.

उतरताना बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. म्हणाले, आता झाली गाडी आरामशीर. रोज संध्याकाळी येऊन बसत जाईन. चाकं मात्र परत लावू नकोस.

म्हणजे शॉकअप पसंत पडले.